डोंगरावरची ओळख

"ए! आंधळा आहेस का? उतर तिथून!"

आस्लाकला मी म्हटलेलं पहिलं वाक्य हे. प्रेमाबिमाचा त्यात वाससुद्धा नव्हता.

फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे नऊ, उणे चौदा. वाटांची देखभाल करणारा म्हातारा ओड त्याच्या मशीनने बर्फ दाबत वर गेला होता, आणि त्याच्यामागे वाटेवर दोन सरळ, गुळगुळीत खाचा उमटल्या होत्या. स्की घालून सरसरत जायचे रूळ. मागून मी वाटेच्या खुणेच्या, पडलेल्या काठ्या परत रोवत येत होते. आमच्या अख्ख्या मोर्कदाल गावात त्या रुळांइतकं नीटनेटकं दुसरं काही नव्हतं. माझ्या आयुष्यात तर नव्हतंच. आणि त्यांच्या बरोब्बर मधून, हे एवढाले बूट घालून, एक लांबच लांब मुलगा धपाधप चालत येत होता. प्रत्येक पावलाला एक खड्डा.

तो थांबला. मागे वळून बघितलं, मग माझ्याकडे.

"माझ्याशी बोलतेयस?"

"नाही, त्या झाडाशी. कुठे चालतोयस तू?"

"वाटेवर."

"ही वाट नाही, स्कीचे रूळ आहेत! अर्ध्या तासापूर्वी केलेत. बघ मागे... बघ काय करून ठेवलंस!"

त्याने बघितलं. खाली तळ्यापर्यंत खड्डेच खड्डे. त्याचा चेहरा खरंच पडला.

"मला वाटलं, एवढं छान कोणीतरी चालायलाच केलंय."

"चालायची वाट ती. काठ्यांच्या पलीकडे. कुठला आहेस तू?"

"बर्गन."

"अच्छा. पावसाचं गाव. म्हणजे छत्रीवाला."

तो हसला. हसताना तोंडातून वाफेचा ढग निघाला आणि मला दिसलं, त्याच्या पापण्यांवर बर्फ धरलंय. डाव्या डोळ्याच्या जरा जास्त. मला असलं सगळं दिसतं. शाळेतल्या बाई प्रगतिपुस्तकात लिहायच्या, योरुनचं लक्ष नको तिथे असतं म्हणून.

मग त्याने काय करावं? गुडघ्यावर बसला आणि हाताने खड्डे बुजवायला लागला.

"काय करतोयस?"

"बुजवतोय."

"असं नाही बुजत ते."

"मग कसं बुजतं?"

मला सांगता आलं नाही, कारण तोपर्यंत कोणी बुजवलेच नव्हते. लोक शिव्या खाऊन निघून जायचे. शेवटी मीही बसले. तो बर्फ भरत होता, मी स्कीच्या टोकाने खाच कोरत होते. पाऊण तास झाला. ओड मशीन घेऊन परत खाली आला तेव्हा आम्ही दोघं ओणवे, ढुंगणं वर, असे होतो. त्याने मशीन थांबवलं, बघितलं, आणि म्हणाला, "मी परत एकदा फिरवलं की पाच मिनिटांत होईल ते."

"मग आधी सांगायचं ना!" मी ओरडले.

"आत्ता तर आलो," ओड म्हणाला.

आस्लाक बर्फात बसून इतका हसला की त्याच्या पापण्यांवरचं बर्फ वितळलं.

•

शाळा मी नोव्हेंबरमध्ये सोडली. गणिताचा तास चालू होता. खिडकीबाहेर दुपारी दोनला अंधार पडत होता. मी उठले, दप्तर घेतलं आणि निघाले. बाईंना वाटलं, बाथरूमला चाललीय. अजून परत गेलेली नाही.

आमची दरी दोन डोंगरांच्या मध्ये अशी अडकलीय की ऑक्टोबर ते मार्चअखेरपर्यंत खाली ऊन पडतच नाही. वर डोंगराच्या कडेला पिवळी रेघ दिसते. लोक दुकानातून बाहेर येतात, त्या रेघेकडे बघतात, आणि गाडीत बसतात. असल्या ठिकाणी घरी बसून मी दोन आठवड्यांत आईचं डोकं उठवलं. तिचं केस कापायचं दुकान आहे. ओड तिथे दाढी करायला आला तेव्हा तिने त्याच्या गळ्यात मला बांधलं.

"तोंड बंद ठेवणार असशील तर ये," ओड म्हणाला.

"नाही ठेवणार."

"मग मागून चाल. मशीनच्या आवाजात मला ऐकू येत नाही."

असं माझं काम सुरू झालं. तळ्याच्या बर्फावर दर पंधरा पावलांवर बर्च झाडाची काठी रोवायची, म्हणजे धुक्यात लोक चुकत नाहीत. वर डोंगरावर एक लाकडी खोपट आहे, तिथे सरपण पोचवायचं, पाट्यांवरचं बर्फ झाडायचं. जानेवारीत मी अठरा वर्षांची झाले. ओडने त्या दिवशी मला नवीन फावडं दिलं.

खरं सांगू? मला हिवाळ्याचा राग आहे. बोटं बधिर होतात, नाक गळतं, सहा महिने एकच लोकरीची बनियन. रात्री झोपताना मी जून महिना आठवत बसायचे. पायाला लागणारा गरम दगड... कापलेल्या गवताचा वास... आणि तरीही सकाळी त्या वाटेवर पहिलं पाऊल टाकलं, बर्फ करकर वाजलं, फांदीवरून एखादा पक्षी उडाला आणि सगळं झाड भुरुभुरु सांडलं, की छातीत काहीतरी मोकळं व्हायचं. दोन्ही खरं होतं. आता काय करणार त्याला.

•

पुढच्या रविवारी तो खोपटाजवळ दिसला.

खोपटाची दक्षिणेकडची भिंत म्हणजे आमच्या गावाचं देऊळच समजा. तिथे ऊन पडतं. सगळे चढून येतात, बुडाखाली फोमचा तुकडा टाकतात, भिंतीला पाठ लावतात आणि डोळे मिटून तोंड वर करतात. उणे दहामध्ये. संत्रं सोलतात, चॉकलेट मोडतात. आणि बोलतात! वर सगळे सगळ्यांशी बोलतात. "हाय! काय छान दिवस आहे! वर वारा आहे का?" तीच माणसं खाली बसथांब्यावर एकमेकांपासून दोन-दोन मीटर लांब उभी राहून जमिनीकडे बघतात. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. पोहताना जसे कपडे काढतो, रस्त्यावर नाही काढत, तसंच.

आस्लाक बर्फावर तसाच बसला होता. विजार ओली.

"फोम कुठेय तुझा?"

"कसला फोम?"

"अरे देवा." मी माझा काढला. तो एका माणसापुरताच असतो. "सरक."

आम्ही अर्धे अर्धे बसलो. म्हणजे माझं अर्धं बूड बर्फावर, त्याचं अर्धं. खांद्याला खांदा लागत होता, पण मध्ये दोन जाकिटं, दोन स्वेटर... तरी कळतंच की.

"डोळे मीट," मी म्हटलं. "आता पापणीच्या आतून लाल दिसतंय?"

"हो."

"तो जून."

तो डोळे मिटूनच राहिला. मग हळूच म्हणाला, "जूनमध्ये तू काय करतेस?"

"अनवाणी चालते. पेट्रोल पंपापर्यंत. डांबरावरून. तू?"

"खिडकी उघडी टाकून झोपतो. आणि सकाळी उशी ओली."

"घाम?"

"पाऊस. बर्गन आहे ते."

मी फिस्सकन हसले आणि कॉफी नाकातून आली. त्याने बाहीने माझी हनुवटी पुसली... आणि मग आपण काय केलं हे कळून दोघंही भिंतीसारखे ताठ.

तो वीस वर्षांचा होता. गावातल्या वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून आला होता, ईस्टरपर्यंत. म्हाताऱ्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं. एक आजोबा त्याला रोज सकाळी स्वतःचा भाऊ समजायचे आणि होडी विकून टाकल्याबद्दल झापायचे.

"मग तू काय म्हणतोस?"

"माफ कर म्हणतो. रोज. त्यांना बरं वाटतं."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो संत्रं सोलत होता, साल एकाच लांब पट्टीत निघावी म्हणून जीभ दातात धरून. अर्धं संत्रं त्याने माझ्या हातमोज्यावर ठेवलं. ते इतकं गार होतं की दात दुखले. इतकं गोड संत्रं मी खाल्लेलं नाही.

•

चार रविवार असे गेले. मी आठवडाभर काठ्या रोवायचे, आणि सगळा आठवडा म्हणजे फक्त रविवारच्या अलीकडचा रस्ता असायचा. त्याने स्की विकत घेतल्या, जुन्या. उतारावर तो बसूनच उतरायचा.

"हे स्कीइंग नाही, घसरगुंडी आहे."

"पोचलो ना खाली?"

"पोचलास. तुझी टोपी वर आहे."

मोबाईल नंबर? नाही घेतला. वर रेंज नाही, आणि खाली आल्यावर कोण कोणाला विचारणार. घरी फोनवर शोधला मी त्याला. सापडला. फोटोत एक ओला कुत्रा होता. बटणावर बोट ठेवून दहा मिनिटं बसले, मग फोन पालथा घातला. वरचं वर असतं, खाली आणलं की काहीतरी बिघडतं, असं वाटायचं.

मग तो बुधवार आला.

मी दुकानात दूध घ्यायला गेले. काचेच्या कपाटासमोर तो उभा. निळ्या गणवेशात, केस चपट बसलेले, पापण्यांवर काही नाही. माझ्यापासून दोन हातांवर. त्याने मला बघितलं. मी बघितलं त्याने बघितलं ते. आणि मी... बुटांकडे बघायला लागले. तो दह्याचा डबा वाचायला लागला. दिव्यांचा तो निळसर उजेड, फ्रीजची घरघर. मी दूध न घेताच बाहेर आले.

बाहेर दुपारी तीनलाही डोंगराच्या सावलीत संध्याकाळ वाटत होती. मी रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगाला इतक्या जोरात लाथ मारली की अंगठ्याचं नख काळं पडलं. आतून बर्फ दगड झालेला असतो, हे मला माहीत असायला हवं होतं.

•

त्या रविवारी मी भिंतीपाशी गेले ती भांडायलाच. सुदैवाने दुसरं कोणी नव्हतं, आभाळ भरून आलेलं, ऊन नाही, म्हणून लोक आलेच नव्हते. तो एकटा. नवा कोरा फोम घेऊन बसलेला. चांगला दोघांना पुरेल एवढा मोठा.

मी उभीच राहिले.

"बुधवारी दुकानात कोण होतं?"

"कुठल्या दुकानात?"

"सोंग करू नकोस. दुधाच्या कपाटासमोर."

"तू बुटांकडे बघत होतीस."

"आणि तू दह्याचा डबा वाचत होतास! तीन मिनिटं! काय लिहिलं असतं रे त्यावर एवढं?"

त्याने आठवून बघितलं. "...दही."

दुसरा कुठलाही दिवस असता तर मी हसले असते.

"लाज वाटते ना माझी? शाळा सोडलेली, काठ्या रोवणारी. वर ठीक आहे, वर कोण बघतंय. खाली चारचौघांत ओळख नको."

"मला?" तो उठलाच. "मला वाटलं, तुला माझी लाज वाटते! मी दिवसभर डायपर बदलतो, योरुन. पेट्रोल पंपावरची पोरं नाक धरतात मी गेलो की. मला वाटलं, हिला कशाला माझ्याशी बोलताना दिसायचं असेल."

"मला असं कधी वाटलं?"

"मग हाय का नाही म्हणालीस?"

"तू का नाही म्हणालास?"

वारा सुटला होता. खोपटाच्या धुराड्यावरची पत्र्याची टोपी खडखडत होती.

"इथे कोणीच म्हणत नाही म्हणून," तो शेवटी म्हणाला. "मी तुमच्यासारखं वागायला शिकत होतो. रुळांवर चालायचं नाही, दुकानात बोलायचं नाही."

मी बसले. नव्या फोमवर. तोही बसला. मध्ये जागा होती आता, एवढी कशाला आणली त्याने, असं वाटलं मला.

"ईस्टरनंतरच्या मंगळवारी माझं काम संपतं," तो म्हणाला. "इथले विचारतायत, उन्हाळाभर राहतोस का म्हणून. आणि बर्गनहून पण विचारलंय, रुग्णवाहिकेवर शिकाऊ म्हणून, वर्षभर. दोघांना थांबवून ठेवलंय."

"मग?"

"मग काय..." तो हातमोज्यातला धागा ओढत होता. "राहायला काही कारण असेल तर राहीन."

बघा, इथे होतं सगळं. माझ्या तोंडाशी होतं. थांब म्हण, दोनच तर अक्षरं. पण त्याने ते असं माझ्यासमोर ठेवलं, जणू वाणसामान, घे किंवा ठेव. आणि मी विचारायचं? शाळा सोडलेलीने रुग्णवाहिकेवाल्याला सांगायचं, माझ्यासाठी अंधारात राहा? आणि नाही म्हणाला तर? माझं डोकं तापलं. माझं डोकं नेहमी चुकीच्या वेळी तापतं.

"मग जा ना बर्गनला," मी म्हटलं. "मला काय विचारतोस."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी रुळांकडे बघत होते.

"मी रविवारी इथे असेन," तो म्हणाला. "पुढच्या. त्याच्या पुढच्या पण. यायचं तर ये."

मी स्की चढवल्या आणि एकदाही मागे न बघता तळ्यापर्यंत उतरले. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी आलं. वाऱ्यानेच असं नाही.

•

सोमवारी पाऊस सुरू झाला.

मार्चच्या मध्यात असा पाऊस कोणी बघितला नव्हता. अधिक सहा अंश. छपरावरून पाणी, गटारातून पाणी, अख्ख्या गावात टपटप टपटप. बर्फाखालून हिवाळाभरची कुत्र्यांची घाण वर आली, जोडी हरवलेले हातमोजे-मोजे, सिगारेटची थोटकं, खडी. आणि ओल्या मातीचा वास. हाच वास मी पाच महिने स्वप्नात घेतला होता! आता तो आला तर मी खिडकी लावून घेतली.

बुधवारी ओड म्हणाला, "काठ्या काढ तळ्यावरच्या."

"एवढ्यात?"

"बर्फ काळं पडायला लागलंय. काठ्या दिसल्या तर एखादा मूर्ख चालत जाईल."

मी एकशे ऐंशी काठ्या उपटल्या. माझ्याच हाताने रोवलेल्या. प्रत्येक उपटली की भोकात लगेच पाणी चढायचं. शेवटची काढून मागे वळले तर तळं नुसतं करडं, इथून तिथपर्यंत, कोणी कधी चाललंच नव्हतं असं.

काठ्या काढल्या की वाट संपली. इथे शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. मग एप्रिलअखेरपर्यंत वर कोणी जात नाही. स्की चालत नाहीत, बूट मांडीपर्यंत रुततात. भिंत बंद, रविवार बंद.

म्हणजे आता उरलं खाली.

मी वृद्धाश्रमावरून दिवसातून दोनदा जायचे. एकदा तो खिडकीत दिसला, एका आजीचे केस विंचरताना. हात वर करायचा होता मला. खांद्यापर्यंत नेला आणि टोपी सारखी केली.

"तो बर्गनचा मुलगा," आई एकदा बटाटे सोलता सोलता म्हणाली, "म्हाताऱ्या माणसांचं फार मायेनं करतो म्हणतात. दुकानात सगळ्या त्याचंच बोलतात."

"मग मी काय करू?"

"काही नाही. तू बटाट्याची साल काढतेयस की बटाटाच संपवतेयस, एवढंच बघ."

मग तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "तो जाणार आहे ना ईस्टरनंतर?"

"जाऊ दे."

"हं," आई म्हणाली. आमच्या घरात 'हं' म्हणजे बरंच काही असतं.

एक रविवार गेला, दुसरा गेला. ईस्टरच्या रविवारी शेवटी दरीत ऊन उतरलं. लोक खुर्च्या बाहेर टाकून बसले, पांढरेफटक पाय उघडे टाकून. मी पांघरूण डोक्यावर ओढून पडून राहिले.

•

मंगळवारी साडेनऊची बस. ती स्टेशनला जाते, पावणेदोन तास लागतात.

मी जाणार नव्हते. मी दुकानात पाव आणायला निघाले होते, असं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "पैसे घे, बसचे." मी दार आपटलं. पैसे घेऊन आपटलं.

बस उभीच होती. सात माणसं होती आत. एकेक माणूस, एकेक खिडकी, आणि प्रत्येकाच्या शेजारच्या आसनावर पिशवी. कोणाला पिशवी उचलावी लागू नये अशी आमच्याकडे सगळ्यांची धडपड असते. मागच्या पाच ओळी सबंध रिकाम्या होत्या. आस्लाक मधल्या ओळीत, खिडकीशी. कपाळ काचेला टेकलेलं. शेजारी सॅक.

मी त्याच्यापाशी जाऊन उभी राहिले.

"हाय," मी म्हटलं. चांगलं मोठ्याने. पुढच्या ओळीतली टपाल कचेरीतली बाई दचकली.

तो वळला. त्याचे कान लाल झाले.

"सॅक उचल. मला बसायचंय."

"मागे जागा..."

"इथेच बसायचंय."

त्याने सॅक मांडीवर घेतली. मी बसले. बस सुटली. सात माणसं एकदम आपापल्या खिडकीतून बाहेर बघायला लागली, आणि सगळ्यांचे कान आमच्याकडे.

"सगळे ऐकतायत," तो कुजबुजला.

"ऐकू देत. मला तू आवडतोस. जाऊ नकोस." माझा आवाज फाटला. "त्या दिवशी म्हणायचं होतं. माझं डोकं तापलं. माझं तापतं. थांब. उन्हाळाभर थांब."

एक वळण गेलं, दुसरं गेलं. खाली नदी भरून वाहत होती, तपकिरी.

"तू आली नाहीस," तो म्हणाला.

"कुठे?"

"वर. मी म्हटलं होतं ना, रविवारी असेन म्हणून. तीन रविवार गेलो."

मला कळेचना. "कसा गेलास? वाट तर बंद झाली! काठ्या मी स्वतः..."

"तळ्याच्या कडेकडेने. झाडीतून. मांडीपर्यंत बुडत होतो. चार तास लागले पहिल्यांदा." तो हसायचा प्रयत्न करत होता. "मला वाटलं, तू तर येशीलच. तुझं कामच आहे ते. पहिले दोन्ही रविवार संध्याकाळपर्यंत बसलो. ईस्टरला ऊन होतं... म्हटलं, आज नक्की. कोणीच आलं नाही. म्हटलं, सगळं गाव मला टाळतंय की काय."

"अरे, वर कोणी जात नाही या दिवसांत! कोणीच नाही!"

"मला काय माहीत. मला कोणी सांगितलं?"

खरंच. कोण सांगणार? त्याच्याशी खाली बोलत कोण होतं?

तो ओल्या बर्फात, त्या भिंतीला पाठ लावून, एकटा. आणि मी पांघरुणात. वाट नाही म्हणून. वाटेशिवायही जाता येतं हे मला सुचलंच नाही, आणि जायला वाट लागते हे त्याला माहीतच नव्हतं.

"परवा खाली आलो आणि बर्गनला हो म्हणून मेल पाठवली," तो म्हणाला. "वर्षाचा करार आहे, योरुन. उद्यापासून हजर व्हायचंय. इथल्या जागेवर त्यांनी दुसरं माणूस घेतलं."

"मोड करार."

"त्यांनी माझ्यासाठी दोनदा थांबवून धरलं होतं."

मी रडले. बसमध्ये, सात माणसांसमोर, नाकातोंडातून. आमच्याकडे अंत्ययात्रेतही लोक एवढं रडत नाहीत. टपाल कचेरीतल्या बाईने मागे न वळता, खांद्यावरून, कागदी रुमालाचं पाकीट पुढे केलं. मी घेतलं. "धन्यवाद," मी म्हटलं. "असू दे," ती खिडकीला म्हणाली.

मग त्याने हातमोजा काढला, माझा पण काढला. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा नुसता हात. कोरडा होता, साबणाने भेगाळलेला, आणि इतका गरम... इतका गरम हात जवळ होता आणि मी जूनची वाट बघत बसले होते.

"पुढच्या हिवाळ्यात..." तो म्हणाला.

"खोटं बोलू नकोस."

"बरं. नाही बोलत."

"नंबर दे."

त्याने दिला. पावणेदोन तासांत आम्ही उरलेलं सगळं बोललो. त्याच्या आईबद्दल, माझ्या गणिताबद्दल, त्या ओल्या कुत्र्याबद्दल, जो मेला होता. शाळेत परत जा, असं तो एकदाही म्हणाला नाही. मला कळलं, तो बोलताना डाव्या भुवईने बोलतो. टोपीखाली हे दिसलंच नव्हतं कधी.

स्टेशनवर ऊन होतं. छपरावरून शेवटचं बर्फ सरकून धप्पकन पडलं आणि दोघंही दचकलो. गाडी लागलेलीच होती. त्याने मला जवळ घेतलं, जाकिटं उघडी होती या वेळी, त्याच्या छातीचे ठोके मला गालावर लागले. मग त्याने कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं. शिट्टी झाली.

तो डब्यात चढला. काचेतून मला सगळा डबा दिसत होता. रिकामा, नुसता एक सूटवाला गृहस्थ मध्यभागी बसलेला, शेजारी ब्रीफकेस, हातात पेपर. आस्लाक आत आला. एवढ्या आसनांकडे बघितलं, वळून माझ्याकडे बघितलं. आणि सरळ जाऊन त्या गृहस्थाशेजारी उभा राहिला. मला ऐकू येत नव्हतं, पण ओठ दिसले. "हाय."

त्या माणसाचा चेहरा! ब्रीफकेस उचलून छातीशी धरली त्याने, जणू आता घर लुटलं जाणार. आस्लाक त्याच्या शेजारी बसला, खांद्याला खांदा लावून, आणि आभाळाकडे बोट दाखवून काहीतरी बोलायला लागला, डाव्या भुवईने, माझ्याकडे बघत.

मी हसायला लागले. फलाटावर एकटी, नाक पुसत, मोठ्याने. गाडी हलली तरी हसत होते. डबा गेला, पुढचा गेला, शेवटचा गेला, आणि रूळ मोकळे झाले तरी तोंडावरचं हसू जाईना. कोणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं काय झालं ते. पण फलाटावर दोघंतिघं होते, ते लांब लांब उभे राहून जमिनीकडे बघत होते.

"हाय," मी त्यांना म्हटलं.